खाणविरोधी समिती वादळात कामी आली: पोर्तो रिकोतल्या आदहुंतासचं प्रकरण, कोकणातून पाहताना

२० सप्टेंबर २०१७ च्या सकाळी मारिया चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, याबुकोआ गावाजवळ धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं तेव्हा वेग १०० ते १२० च्या घरात होता. तेवढ्यानेही आमच्याकडे आजोबांनी लावलेले माड आणि पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले आणि कित्येक वाड्यांना वीज यायला महिना उलटला. मारियाचा वेग त्याच्या दुप्पट होता, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

पोर्तो रिको आकाराने रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडंच मोठं आहे. वस्ती त्या वेळी ३३ लाखांच्या आसपास. मधोमध डोंगररांग, चहूबाजूंनी समुद्र. त्या दिवशी अख्ख्या बेटाची वीज गेली आणि शेवटच्या घरांपर्यंत ती परत पोचायला जवळपास ११ महिने लागले. अमेरिकेच्या इतिहासात इतका काळ वीज कुठेच गेली नव्हती. सरकारने मृतांचा आकडा सुरुवातीला ६४ सांगितला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने केलेला अभ्यास आल्यावर तो २,९७५ असा मान्य करावा लागला. या दोन आकड्यांमधली बहुतेक माणसं वाऱ्याने किंवा दरडीखाली गेलेली नाहीत. ती त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत गेली. डायलिसिस चुकलं, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं, इन्सुलिन थंड ठेवायला फ्रिज नव्हता, रस्ता बंद असल्याने रुग्णालय गाठता आलं नाही.

या अंधारात डोंगरातल्या आदहुंतास नावाच्या छोट्या गावात एका घरात दिवे चालू होते. गावाची वस्ती अठरा-एकोणीस हजार, धंदा मुख्यतः कॉफीचा. त्या घराचं नाव कासा प्वेब्लो, म्हणजे गावाचं घर. ते दिवे कसे चालू राहिले आणि त्यांच्याभोवती गाव कसं उभं राहिलं, एवढंच हे प्रकरण आहे. आमच्या किनाऱ्यावर वादळानंतरची बहुतेक चर्चा भरपाईच्या आकड्यावर येऊन थांबते. तो आकडा महत्त्वाचा आहेच, पण वादळ ओसरल्यावर गाव स्वतः कसं उभं राहणार, हा त्याच्याआधीचा प्रश्न आदहुंतासने सोडवला होता, म्हणून ते गाव मला अभ्यासावंसं वाटलं.

बेट कुणाच्या ताब्यात

१८९८ च्या युद्धात स्पेनने पोर्तो रिको अमेरिकेला दिलं. १९०१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हे बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. त्या निकालांच्या मालिकेवर बेटाचा दर्जा आजही उभा आहे. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळालं, १९५२ मध्ये स्वतःची राज्यघटनाही मिळाली. तरी बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, आणि संसदेत त्यांचा जो एक प्रतिनिधी बसतो त्याला सभागृहाच्या अंतिम मतदानात मत नाही. २०१६ मध्ये बेट सुमारे ७२ अब्ज डॉलरच्या कर्जात अडकलं, तेव्हा वॉशिंग्टनने कायदा करून सात जणांचं एक आर्थिक मंडळ वर बसवलं. त्यातल्या कुणालाही बेटाने निवडलेलं नाही. शाळा, पेन्शन, वीज मंडळ, सगळ्याच्या खर्चावर त्यांची कात्री. मारिया आलं तेव्हा सरकारी वीज कंपनी अडीच महिन्यांपूर्वीच दिवाळखोरीत गेलेली होती.

यात १९२० चा जहाजवाहतुकीचा कायदा मिळवा. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं आणि मुख्यतः अमेरिकी खलाशांचं हवं. खाण्यापिण्याच्या सुमारे ८५ टक्के वस्तू बाहेरून आणणाऱ्या बेटासाठी हा कायदा म्हणजे रोजचा जादा खर्च. मारियानंतर तो फक्त दहा दिवसांसाठी शिथिल झाला.

बेटावरची माणसं मात्र मारियापेक्षा जुनं एक वादळ विसरलेली नाहीत. ८ ऑगस्ट १८९९ ला, अमेरिकेचा अंमल सुरू होऊन जेमतेम वर्ष होत असताना, सान सिरियाको वादळाने तीन हजारांहून अधिक माणसं मारली आणि डोंगरातला कॉफीचा हंगाम धुऊन नेला. लष्करी राजवटीने धान्य पाठवलं, पण ते वाटलं मळेवाल्यांच्या हातून, आणि मजुराला ते कामाच्या बदल्यात मिळालं. खोतीचा इतिहास घरात ऐकलेल्या कोकणी माणसाला ही रचना उलगडून सांगायची गरज नाही. ज्याच्या कोठारातून दाणा येतो, त्याच्या शेतावर पाय वळतात. आदहुंतास याच कॉफीच्या मुलखात आहे.

इथे एक स्पष्ट म्हणायला हवं. आजचं कोकण वसाहत नाही. आपण मत देतो, आमदार-खासदार निवडतो, पडलेल्या घराच्या भरपाईवरून सरकारला विधानसभेत उत्तर द्यावं लागतं. निसर्गनंतर पूर्ण पडलेल्या घराची रक्कम वाढवून दीड लाख झाली ती याच दबावामुळे. ही ताकद पोर्तो रिकोकडे नाही. म्हणून त्यांनी जे उभारलं ते आपल्याला अधिक सोपं जायला हवं होतं.

१९८० पासूनची गोष्ट

आदहुंतासच्या डोंगरांत तांबं, चांदी आणि सोनं आहे. खाण कंपन्यांना तिथे उघड्या खाणी खणायच्या होत्या, म्हणजे डोंगराचा माथा काढून टाकायचा आणि नद्यांच्या उगमाशी गाळ सोडायचा. १९८० मध्ये आलेक्सिस मासोल गोन्सालेस हे स्थापत्य अभियंते आणि त्यांच्या पत्नी, शिक्षिका तिंती देया, यांनी विरोध सुरू केला. पहिल्या सभेला जवळजवळ कुणी आलं नाही. मग त्यांनी पद्धत बदलली. भाषणं मागे ठेवली, गाणं-नाच आणि स्थानिक कला पुढे आणली, आणि लोक आले. आमच्याकडेही ग्रामसभेचा कोरम भरत नाही त्याच गावात नमनाला रात्रभर पटांगण भरलेलं असतं.

लढा पंधरा वर्षं चालला. १९९५ मध्ये उघड्या खाणींवर बंदी आली. पुढच्याच वर्षी खाणीसाठी ठरलेली जागा राखीव वन झाली, आणि तिचा कारभार गावाकडे आला. ‘बोस्के देल प्वेब्लो’, गावाचं रान, हे बेटावरचं लोकांनी सांभाळलेलं पहिलं वन. २००२ मध्ये मासोल यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

हे सगळं स्तुत्य आहे, पण माझ्या दृष्टीने प्रकरणाचा कणा याच्या पुढे आहे. खाण हरली तरी समिती विसर्जित झाली नाही. १९८५ मध्येच तिने गावातलं एक जुनं पडकं घर घेऊन दुरुस्त केलं होतं. गावकऱ्यांनी पिकवलेली कॉफी ती स्वतःच्या नावाने भाजून विकू लागली आणि त्यातून संस्थेचा खर्च निघू लागला. १९९९ मध्ये घरावर सौर तावदानं (सोलर पॅनेल) बसली, तीही वीज गेली की चालावी म्हणून बॅटरीसह. २००७ मध्ये स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू झालं. २०१० नंतर सरकारने त्याच डोंगरातून वायूची नळवाहिनी न्यायचं ठरवलं तेव्हा विरोध उभा करायला नव्याने माणसं गोळा करावी लागली नाहीत. २०१२ मध्ये तो प्रकल्पही मागे घेतला गेला.

कोकणात लढे कमी झालेले नाहीत. पेण तालुक्यात सेझसाठीच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या, जमिनीवर २१ सप्टेंबर २००८ ला बावीस गावांत सरकारी देखरेखीखाली जनमत घेतलं गेलं, देशात असं क्वचितच घडलं असेल. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली ती लोकांनी रेटा लावला म्हणून. त्याही मागे जाऊन पाहा: १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीत, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी सुरू केलेला संप सहा वर्षं चालला, तोही ब्रिटिश अमलात. प्रश्न वेगळा आहे. लढ्यात तयार झालेली शिस्त, घरोघरचे फोन नंबर, वर्गणीची वही, कोण कुठल्या वाडीत बोलला की लोक ऐकतात याचं ज्ञान, हे सगळं लढ्यानंतर कुठे जातं? बहुतेक ठिकाणी ते चार-पाच माणसांच्या डोक्यात राहतं आणि त्यांच्याबरोबर म्हातारं होतं. कासा प्वेब्लोने ते एका घरात ठेवलं, त्या घराला उत्पन्न दिलं, आणि पुढची पिढी कामाला लावली. आज संस्थेचं काम मुख्यतः मासोल यांचे चिरंजीव, जीवशास्त्राचे प्राध्यापक आर्तुरो मासोल देया, पाहतात.

वादळानंतरचे दिवस

मारियाने त्या घराची सौर तावदानं उचलून नेली नाहीत. वारा ओसरल्यावर संस्थेची वीज चालू झाली आणि घर गावाचं दवाखाना, चौकी आणि टपाल कार्यालय झालं. लोक फोन चार्ज करायला येत, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे श्वसनाची यंत्रं घेऊन येत. बेटावरची बहुतेक दळणवळण यंत्रणा कोलमडली होती, त्या वेळी संस्थेचा रेडिओ कुठला रस्ता मोकळा आहे, कुठे पाणी मिळतंय हे सांगू शकत होता.

पुढे संस्थेने सुमारे १४ हजार सौर दिवे वाटले. दिवे वाटणं ही मदत झाली, तेवढं कुणीही करतं. ज्या घरात कुणाचं पोटातलं डायलिसिस घरीच चालतं, ज्या घरात इन्सुलिन ठेवायचं आहे, अशी घरं निवडून तिथे तावदानं, बॅटरी आणि सौर फ्रिज बसवले. कुठलं घर ते कुणी सांगायचं? यादी तालुक्यावरून मागवली नाही, कारण वाडीवाडीत ओळखीचं माणूस होतंच. मग न्हाव्याचं दुकान, हार्डवेअरचं दुकान, डोंगरातली छोटी किराणा दुकानं अशी निवड झाली. किराणा दुकान आधी घेण्यामागे विचार होता. एका दुकानातला फ्रिज चालला की आजूबाजूच्या तीस-चाळीस घरांचं दूध आणि औषध वाचतं.

इथे एक तांत्रिक मुद्दा आमच्या लोकांसाठी सविस्तर सांगतो. आता आपल्या गावांतही छपरावर तावदानं दिसू लागली आहेत आणि वीजबिल कमी होतंय. पण बॅटरी नसलेली, फक्त महावितरणच्या तारेला जोडलेली यंत्रणा तारेत वीज नसेल तेव्हा आपोआप बंद होते. हा दोष मानू नये. तुटलेल्या तारेवर काम करणाऱ्या वायरमनला मागून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. म्हणजे वादळानंतर डोक्यावर स्वच्छ ऊन आणि छपरावर तावदानं असूनही घर अंधारात राहील. बॅटरी आणि तारेपासून सुटं होऊन चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच ती वीज वादळात उपयोगी. खर्च वाढतो, म्हणून प्रत्येक घराला हे परवडणार नाही. गावात निदान एक जागा तशी असावी: शाळा, उपकेंद्र, देवळाचा सभामंडप, मच्छीमार सोसायटीचं बर्फाचं केंद्र. कुठली, हे गावाने ठरवायचं.

आदहुंतास तिथेच थांबलं नाही. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण किनाऱ्यावर ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला, बेटाची वीज पुन्हा गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये फियोना वादळात पुन्हा. दोन्ही वेळा कासा प्वेब्लोने जोडलेली घरं-दुकानं चालू होती. मार्च २०२३ मध्ये गावातल्या चौकाभोवतीच्या डझनभराहून थोड्या जास्त व्यवसायांना एकत्र जोडणारं छोटं वीजजाळं सुरू झालं. औषधांचं दुकान आणि बेकरी त्यात आहे. तावदानं निरनिराळ्या छपरांवर, बॅटऱ्या सामायिक. मालकी व्यापाऱ्यांनी मिळून स्थापन केलेल्या संस्थेची. बाहेरच्या देणगीतून उभारलं, हे खरं आहे, एका प्रतिष्ठानाने मोठा वाटा उचलला. पण देणगीदार निघून गेल्यावर बिल कुणाच्या खात्यात जमा होतं आणि दुरुस्तीचा निर्णय कोण घेतं, हे आधी लिहून ठेवलं होतं.

त्याच काळात सरकारी बाजूने काय झालं तेही सांगितलं पाहिजे. वादळाच्या वेळी दोनच पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या एका दूरच्या कंपनीला तारा जोडायचं ३० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं गेलं आणि ओरड झाल्यावर महिन्याभरात रद्द करावं लागलं. २०२१ मध्ये वितरण एका खासगी कंपनीकडे गेलं. वीज जातच राहिली.

घर कुणाचं, हे कागद सांगेना

आम्हा कोकणवासीयांना या प्रकरणातला सर्वांत जवळचा भाग मदतीच्या अर्जांचा आहे. अमेरिकेची आपत्ती संस्था फेमा घरदुरुस्तीला पैसे देते, पण घर तुमचं आहे हे सिद्ध करा म्हणते. पोर्तो रिकोत हजारो कुटुंबं आजी-आजोबांच्या जमिनीवर बांधलेल्या घरात राहतात. वाटणी तोंडी झालेली, नोंदणी कधीच नाही. बेटाच्या कायद्यानुसार नोंदणी नसली तरी मालकी सिद्ध होऊ शकते. फेमाला मात्र दस्त हवा होता. मालकी पटवता न आल्याने ७७ हजारांच्या आसपास अर्ज नाकारले गेले.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडचे सातबारे येतात. एका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मयत. घर पणजोबांच्या नावाचं, घरपट्टी चुलत्याच्या नावाने, राहतो तिसराच. निसर्गनंतर पंचनामे झाले तेव्हा टाळेबंदी होती, हिस्सेदार मुंबईत अडकलेले. संमतीपत्रावर सही कुणाची घ्यायची, व्हॉट्सॲपवरचा फोटो चालेल का, हे एका कार्यालयात एक सांगितलं गेलं आणि दुसऱ्यात दुसरं. ज्याच्या घरावरचं छप्पर गेलं त्याला पैसे मिळाले की नाही, हे शेवटी मुंबईच्या काकांशी बोलणं आहे की नाही यावर ठरलं. आणि बागायतीची भरपाई आधी हेक्टरी ५० हजार ठरली. ज्यांच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात त्यांच्या वाट्याला गुंठ्यामागे ५०० रुपये. नारळ-पोफळीला झाडावर पैसे द्या, ही मागणी लोकांनी लावून धरली तेव्हा झाडानुसार हिशेब मान्य झाला. नवी पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, माडाचंही तसंच, तेव्हा तो हिशेबही पुरेसा नव्हता.

पोर्तो रिकोतल्या विधी-साहाय्य संस्थांनी यावर जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी एक पानी शपथपत्राचा नमुना तयार केला: मी या घरात राहतो, हे माझं घर आहे, अमुक कायद्यान्वये मी मालक आहे. तो मान्य करा म्हणून फेमाशी भांडले, आणि २०१८ मध्ये फेमाने तो स्वीकारला. पण आधी नाकारलेल्यांना ते आपणहून कळवलं नाही. मग संस्थांचे स्वयंसेवक डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन अपील भरून घेऊ लागले. २०२१ च्या सप्टेंबरात फेमाने संपूर्ण अमेरिकेसाठी नियम बदलून पर्यायी पुरावे ग्राह्य धरले. दस्त नसलेल्या बेटावरच्या शेतकऱ्याचा प्रश्न लावून धरला म्हणून लुइझियानातल्या पूरग्रस्तालाही पुढे त्याचा फायदा झाला.

जे जमलं नाही

आदहुंतासचं कौतुक करताना बेट वाचलं असं समजू नये. वादळानंतरच्या वर्षभरात पोर्तो रिकोची लोकसंख्या सुमारे १ लाख ३० हजारांनी घटली. तरणी माणसं न्यूयॉर्क-फ्लोरिडाला गेली. आज बेटावर राहतात त्याहून जास्त पोर्तोरिकन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. पैसा आणि सामान त्यांनीच पाठवलं, जसं निसर्गनंतर मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी पत्रे, ताडपत्र्या आणि धान्य टेम्पोने धाडलं. पण पत्रे चढवायला गावात हात लागतात. मंडळ मुंबईत आणि गावात साठीच्या पुढची माणसं, ही आमचीही स्थिती आहे, आणि सौर तावदानांनी ती बदलत नाही.

वादळानंतर बेटावर ठिकठिकाणी परस्पर मदत केंद्रं उघडली. कागुआसमध्ये सामुदायिक स्वयंपाकघर सुरू झालं, कुठे बंद पडलेल्या शाळेत दवाखाना चालला. त्यांतली काही टिकली, बरीच दमली. माझ्या मते टिकण्या-न टिकण्याचं मुख्य कारण उत्पन्न आहे. कासा प्वेब्लोकडे कॉफी होती. नुसत्या वर्गणीवर चालणारी केंद्रं, वर्गणी देणारेच स्थलांतरित झाल्यावर, आकसत गेली. आणखी एक आक्षेप बेटावरचेच कार्यकर्ते घेतात: लोक स्वतः सावरले की सरकार अंग काढून घेतं. आक्षेप खरा आहे. कासा प्वेब्लोने त्याला दिलेलं उत्तर असं की वीज कशी निर्माण व्हावी याचा सरकारशी वाद त्यांनी कधीच सोडला नाही. दिवे वाटत असतानाही बेटाची निम्मी वीज सूर्यापासून घ्या, ही मागणी ते रेटत होते.

आमच्या पट्ट्यात काय घेता येईल

हा अभ्यास आम्ही काही गावकऱ्यांसमोर मांडला तेव्हा सौरजाळ्याच्या चर्चेत तरुण रमले, पण थोरामोठ्यांनी शपथपत्राचा भाग दोनदा वाचून घेतला. म्हणून सुरुवात तिथूनच करायचं ठरलं. सामायिक उताऱ्यावरच्या हिस्सेदारांची संमती वादळानंतर मागायची नाही, गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच घ्यायची: घर पडलं तर भरपाई तिथे राहणाऱ्याने घ्यावी, जमिनीच्या हक्काला त्याने बाध येत नाही, एवढंच लिहिलेला कागद. भांडण नको म्हणून दुसरं वाक्य मुद्दाम ठळक. सोबत घराचा, कौलांचा, वाडीतल्या माड-पोफळींचा मोजणीसह फोटो आणि घरपट्टीची पावती, एक प्रत घरात, एक गावकीच्या पेटीत, एक मुंबई मंडळाकडे.

दुसरं काम रुग्णांच्या यादीचं. इन्सुलिन कुणाला, ऑक्सिजन कुणाला, डायलिसिसला कोण जातं आणि कुठल्या रस्त्याने. आशाताईंना हे बहुधा ठाऊक असतं, पण ती माहिती त्यांच्या वहीत आणि मोबाइलमध्ये असते, आणि मोबाइल तिसऱ्या दिवशी बंद पडतो. यादी प्रत्येक वाडीत कागदावर राहील आणि दर मे महिन्यात सुधारली जाईल. बॅटरीच्या जागेबद्दल एकमत झालेलं नाही. काहींना शाळा हवी आहे, कारण तिचं छप्पर स्लॅबचं आहे. मच्छीमार सोसायटीचं म्हणणं असं की बर्फाच्या केंद्राला रोज वीज लागते, त्यामुळे तिथे बसवलेली यंत्रणा वर्षभर वापरात राहील आणि बिघडली तर लगेच कळेल. मला सोसायटीचं म्हणणं पटतं. निर्णय ग्रामसभेत होईल.